‘मुलाने पुस्तक वाचलं’ आणि दोन उत्तरं

मी स्वतः लिहिलेल्या पार्सरला, म्हणजे वाक्याची फोड करून तिचं झाड काढणाऱ्या प्रोग्रामला, तीन शब्दांचं वाक्य दिलं: ‘मुलाने पुस्तक वाचलं.’ उत्तरं दोन आली.

दोन्ही झाडं अगदी सारखी होती, फरक होता तो एकाच जागी. एका झाडात कर्ता पुल्लिंगी होता, दुसऱ्यात नपुंसकलिंगी. मला वाटलं, शब्दकोशात एखादी नोंद चुकून दोनदा पडली असणार. तासभर शोधलं, तसं काही नव्हतं. शेवटी कागद घेऊन रूपं हाताने मांडली तेव्हा उलगडा झाला. ‘मुलगा’चं सामान्यरूप ‘मुला’, आणि ‘मूल’चं सामान्यरूपही ‘मुला’. ‘ने’ लागला की दोघांचं ‘मुलाने’च होतं. लिंग क्रियापदावरून कळेल म्हणावं, तर क्रियापद पुस्तकाच्या मागे गेलेलं. म्हणजे वाचणारा मुलगा होता की एक मूल, हे या वाक्यात कुठेच नाही. जन्मभर हे वाक्य बोलत आले आणि त्यातली ही मोकळी जागा मला पहिल्यांदा दिसली ती त्या रात्री, पडद्यावर.

पार्सर म्हणजे शाळेत आपण करायचो ते वाक्यपृथक्करण करणारा प्रोग्राम. वाक्य द्यायचं आणि त्यातला कर्ता, कर्म, क्रियापद सुटं करून त्यांचे संबंध दाखवणारं झाड मिळवायचं. भाषा-तंत्रज्ञान हेच माझं रोजचं काम. त्या कामात आता मोठाली भाषा-मॉडेल्स आली आहेत आणि ती सफाईदार मराठी लिहितात. पण अमुक रूप असंच का, असं विचारलं तर बोट ठेवून दाखवावा असा नियम त्यांच्या पोटात सापडत नाही, सापडतात ते अब्जावधी आकडे. मला एकदा तरी, अगदी छोट्या आवाक्यात का होईना, मराठी वाक्य सोडवणारं असं काही स्वतः लिहायचं होतं, ज्यात प्रत्येक निर्णयामागचा नियम उघड्यावर असेल. म्हणून मी प्रोलॉग ही प्रोग्रामिंगची भाषा घेतली.

ही भाषा मुळात याच कामासाठी जन्मली, हे मला काम सुरू केल्यावर कळलं. ती घडवणारे अलँ कोल्मरोअर आधी माँट्रियलमध्ये यांत्रिक भाषांतरावर काम करत होते. तिथे त्यांनी घडवलेल्या साधनावर पुढे हवामानाचे अंदाज इंग्रजीतून फ्रेंचमध्ये नेणारी यंत्रणा उभी राहिली. मग ते फ्रान्समध्ये मार्सेयला आले. यंत्राशी फ्रेंचमध्ये बोलता यावं, आपण सांगितलेल्या गोष्टींवरून त्याने निष्कर्ष काढावेत, ही त्यांच्या गटाची धडपड होती. तर्कशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी १९६५ मध्ये सिद्धता काढण्याची रेझोल्यूशन नावाची रीत मांडली होती आणि एडिंबरोचे रॉबर्ट कोवाल्स्की त्याच वाटेवर होते. कोल्मरोअर यांनी १९७१ मध्ये त्यांना मार्सेयला बोलावलं. ‘ब आणि क खरे असतील तर अ खरं’ हे तर्कशास्त्राचं विधान ‘अ करायचं असेल तर आधी ब कर, मग क कर’ असंही वाचता येतं, हे कोवाल्स्कींनी नीट मांडून दाखवलं. १९७२ मध्ये प्रोलॉग तयार झालं. त्यात लिहिलेला पहिला मोठा प्रोग्राम म्हणजे फ्रेंचमधला तो संवादच, एकूण ६१० नियमांचा. त्यात फ्रेंच नामांची एकवचनं-अनेकवचनं जुळवणारा भाग फिलिप रुसेल यांनी लिहिला. मी सामान्यरूपांशी झगडत होते त्या दिवसांत हा तपशील वाचला. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी याच जागी बसलं होतं, या विचाराने फार बळ आलं.

मी जी लिखाणाची पद्धत वापरली ती फर्नांडो परेरा आणि डेव्हिड वॉरन यांनी १९८० मध्ये मांडलेली डेफिनिट क्लॉज ग्रामर, म्हणजे डीसीजी. तिच्यात व्याकरणाचा नियम लिहिला की तोच प्रोग्राम होतो. ‘हे शब्द मिळून वाक्य होतं का?’ हा प्रश्न ‘हे विधान सिद्ध होतं का?’ असा विचारला जातो आणि सिद्धता सापडली की तिच्याबरोबर झाड हातात येतं.

नियम मी देवनागरीतच लिहिले. त्यात एक छोटी अडचण आली. चल, म्हणजे जिची किंमत नंतर ठरते अशी रिकामी जागा, प्रोलॉग ओळखतं ते पहिल्या अक्षरावरून: ते रोमन कॅपिटल तरी हवं, नाहीतर अधोरेषा. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसतात, म्हणून ‘लिंग’ लिहिलं की प्रोलॉग तो ठरलेला शब्द समजतं, ‘_लिंग’ लिहिलं की चल. सुरुवातीला माझ्या बोटांना हे वळण नव्हतं आणि अधोरेषा राहून गेली की वाक्य मुकाट्याने नाकारलं जायचं. महिनाभराने सवय झाली. कर्मणी प्रयोगाचा माझा पहिला नियम असा होता:

वाक्य --> कर्ता(ने), कर्म(_लिंग, _वचन), क्रियापद(_लिंग, _वचन).

कर्मातला ‘_लिंग’ आणि क्रियापदातला ‘_लिंग’ एकच आहे, एवढं लिहिलं की काम झालं. ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी निघालं की तो चल बांधला जातो, मग ‘वाचली’ किंवा ‘वाचला’ चालत नाही, ‘वाचलं’च लागतं. ‘तपासून पाहा’ असं वेगळं सांगावं लागत नाही. याला युनिफिकेशन म्हणतात. शाळेत आपण घोकलेलं ‘क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं’ हे वाक्य असं एका ओळीत चालतं झालेलं पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या.

आनंद आठवडाभर टिकला. मग मी षष्ठी घातली.

‘शिक्षकाच्या मुलाच्या मित्राचं पत्र.’ यातलं ‘शिक्षकाच्या मुलाच्या मित्राचं’ हे स्वतःच एका नामपदाला प्रत्यय लागून झालं आहे, त्या नामपदात आणखी एक नामपद आहे, त्यात आणखी एक. नियम सरळ सुचतो: नामपद म्हणजे आधी एक नामपद, त्याला चा-ची-चे, मग नाम. तो लिहिला, प्रोग्राम चालवला आणि यंत्र गप्प झालं. थोड्या वेळाने स्मृती संपल्याचा संदेश आला. प्रोलॉग नियम डावीकडून उजवीकडे वाचतं. नामपद शोधायचं तर आधी नामपद शोध, ते शोधायला आधी नामपद शोध. एकही शब्द न वाचता ते तसंच खोल खोल जात राहतं. याला लेफ्ट रिकर्शन म्हणतात. पाठ्यपुस्तकात ही अडचण एखाद्या कोपऱ्यात असते. मराठीत ती उंबरठ्यावरच उभी असते, कारण आपल्या भाषेत विशेषण, षष्ठी, ‘आलेला’-‘जाणारा’ असली कृदंतं, सगळं मुख्य नामाच्या डावीकडे रचलं जातं.

आधी मी नियम उलटवून लिहिले: पहिलं नाम उचल, मग पुढे ‘चा’ दिसला तर तिथवरचं झाड पुढच्या नियमाच्या हाती दे. चाललं, पण नियम वाचला की त्यात मराठी दिसेना. चार दिवसांनी ते सगळं पुसलं आणि टेबलिंगकडे वळले. टेबलिंगमध्ये प्रोलॉग आपण कोणता प्रश्न कुठे विचारला होता आणि त्याची काय उत्तरं मिळाली हे टिपून ठेवतं. तोच प्रश्न पुन्हा आला की खोल न जाता टिपलेली उत्तरं वापरतं. मूळचा सरळ नियम जसाच्या तसा परत लिहिता आला. परेरा आणि वॉरन यांनी १९८३ मध्ये पार्सिंग हे अनुमानच आहे असं दाखवणारा निबंध लिहिला होता, त्यातली कल्पना मला त्या दिवशी नीट उमगली.

मात्र यंत्र थांबायला लागल्यावर झाडांचा पूर आला. ‘शिक्षकाच्या मुलाच्या मित्राच्या शाळेचं नाव’ दिलं आणि २८ झाडं मिळाली. नियम परत लिहिल्यावर मी हौसेने तो दोन्ही बाजूंना मोकळा केला होता, म्हणजे नामपद-चा-नामपद. त्यामुळे कंस कुठेही पडू शकत होते. दोन षष्ठींना २ रचना, तीनला ५, चारला १४, पाचला ४२, अशी ही कॅटलान संख्यांची चढण आहे. त्या १४ ला ‘मुला’ने दुप्पट केलं. उजवीकडे फक्त साधं नाम येऊ द्यायचं ठरवल्यावर १४ चं १ झालं, म्हणजे सगळी मिळून २ झाडं. ती दोन खरी आहेत.

पण सगळेच कंस असे छाटून चालत नाहीत. ‘जुन्या शाळेच्या मित्राचं पत्र’ घ्या. जुनी कोण, शाळा की मैत्री? दोन्ही अर्थ खरोखर होतात. ‘जुनी शाळा’, ‘जुना मित्र’, ‘जुनं पत्र’ असं म्हटलं की विशेषण आपण कुणाचं आहोत ते सांगतं. प्रत्यय लागला की तिन्ही लिंगांचं ‘जुन्या’ होतं आणि ती खूण पुसली जाते. माझ्या पार्सरने ‘जुनं शाळेच्या मित्राचं पत्र’ एकाच तऱ्हेने सोडवलं आणि ‘जुन्या’ला दोन झाडं दिली, तेही मी याबद्दल एक अक्षर वेगळं न लिहिता. नियमांतून ते आपोआप निघालं. या प्रकल्पातला माझा सगळ्यात आवडता क्षण हाच.

मधल्या काळात एका क्षुद्र गोष्टीने तीन संध्याकाळी खाल्ल्या, तीही सांगते. ‘धावणाऱ्या मुलाने पत्र आणलं’ हे वाक्य मी टंकलेलं चालायचं, पण दुसऱ्या फायलीतून उचललेलं तेच वाक्य नाकारलं जायचं. पडद्यावर दोन्ही एकसारखी. अखेर संकेतांक, म्हणजे यंत्र अक्षरं ज्या आकड्यांत साठवतं ते, एकेक करून छापले. एका ठिकाणी ‘ऱ्या’ हे नुक्तावाल्या ‘ऱ’पासून बनलेलं होतं आणि दुसरीकडे साध्या ‘र’नंतर हलन्त आणि मग जोडणी सांगणारं एक अदृश्य चिन्ह. डोळ्यांना एकच शब्द, यंत्राला दोन. आता वाक्य आत येताच सगळे ‘ऱ्या’ एकाच पद्धतीचे करून घेते. मराठीवर काम करणाऱ्याने हे पहिल्या दिवशीच करावं, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

आता खरी गोष्ट. प्रोलॉगमध्ये लिहिलेलं व्याकरण उलटं चालवता येतं. वाक्य देऊन झाड मागण्याऐवजी वाक्याची जागा रिकामी ठेवायची आणि विचारायचं, ‘तुझ्या मते कोणकोणती वाक्यं होतात?’ लांबी आधी बांधून द्यायची, नाहीतर ते थांबणार नाही. मी तीन शब्द म्हटलं आणि एंटर दाबलं.

पहिलंच वाक्य आलं: ‘पुस्तकाने मुलगा वाचला.’ पुढे ‘मुलाने पुस्तक विसरलं.’ ‘मीने पत्र लिहिलं.’ ‘तू कविता लिहिली.’ अशी पानभर वाक्यं.

तोवर मी पार्सरला नेहमी बरोबर वाक्यंच देत होते आणि तो ती सोडवत होता, म्हणून व्याकरण ठीक आहे असं धरून चालले होते. उलट बाजूने पाहिल्यावर कळलं की मी लिहिलेल्या नियमांना मराठी येतच नाही. माझं रोजचं काम तिथून बदललं. सकाळी वाक्यं पाडायची, कानाला खटकणाऱ्या पहिल्या वाक्याशी थांबायचं आणि ते का खटकतं याचं उत्तर नियमात लिहायचं. कान लगेच सांगतो ‘चूक’. का चूक, हे शोधायला कधी दोन दिवस लागायचे.

‘मुलाने पुस्तक विसरलं’ घ्या. आपण म्हणतो ‘मुलगा पुस्तक विसरला.’ कर्म आहे, भूतकाळ आहे, तरी ‘ने’ नाही आणि क्रियापद कर्त्याच्या मागे जातं. ‘शिकणे’ तसंच, ‘बोलणे’ तसंच. आणि ‘म्हणणे’ तर दोन घरांत राहतं: ‘ती म्हणाली’ आणि ‘तिने म्हटलं’. मी ‘मी मराठी शिकले’ म्हणते तेव्हा बोलणारी बाई आहे हे ऐकणाऱ्याला कळतं. ‘मी मराठी वाचली’ म्हटलं तर कळत नाही, कारण तिथे स्त्रीलिंग मराठीचं आहे. याला सोपा नियम नाही, अशी क्रियापदं शब्दकोशात एकेक करून खुणेने नोंदवावी लागली.

‘तू कविता लिहिली’ने मात्र घाम काढला. बोलताना हे अनेकांच्या तोंडी असतं, पण नीट रूप ‘तू कविता लिहिलीस’. ‘तू लेख लिहिलास’, ‘तू पत्र लिहिलंस’. लिंग-वचन कर्माचं आणि शेवटचा ‘स’ कर्त्याचा. ‘तुम्ही’ असेल तर तिथे ‘त’. माझ्या नियमात क्रियापदाला एकच धनी होता. या क्रियापदाला दोन आहेत आणि ते दोघांचंही ऐकतं. मी कितीतरी खटपटी केल्या: ‘स’ला वेगळा शब्द मानून पाहिलं, ‘तू’साठी वेगळे नियम लिहून पाहिले, नियमांची संख्या दुप्पट झाली.

शेवटी मी शाळेतल्या माझ्या मराठीच्या बाईंना फोन केला. त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मी अडचण सांगायला लागले, त्यांनी मध्येच थांबवलं.

‘अगं, हा संकर प्रयोग. कर्तृ-कर्म संकर. विसरलीस?’

‘विसरले बाई.’

‘बघ, विसरलीस म्हणाले, तिथे स कशाचा आहे आणि ई कशाची?’

दोन्ही माझेच. ‘विसरणे’ कर्तरी, म्हणून लिंगही कर्त्याचं आणि पुरुषही कर्त्याचा. ‘लिहिलीस’मध्ये ई कवितेची आणि स माझा. बाईंनी एका वाक्यात दोन्ही शेजारी ठेवले. मो. के. दामल्यांच्या १९११ च्या व्याकरणात प्रयोगांचं प्रकरण पुन्हा वाच, असंही त्यांनी बजावलं. परीक्षेत दोन गुणांसाठी पाठ केलेलं नाव आता कामाला आलं. मी जुळणीचा एकच धागा होता तो सोडवून दोन केले:

वाक्य --> कर्ता(_पुरुष), कर्म(_लिंग, _वचन), क्रियापद(_लिंग, _वचन, _पुरुष).

वाढवलेले सगळे नियम काढून टाकता आले. ‘मीने’ही याच फेरीत गेलं, कारण ‘मी’ आणि ‘तू’ यांना या प्रयोगात ‘ने’ दिसतच नाही, ही खूणही सर्वनामांच्या नोंदीत गेली.

‘पुस्तकाने मुलगा वाचला’ हे वाक्य अजून तिथेच होतं. व्याकरणाने त्यात काहीच चूक नाही. त्याच सुमारास दुसरी अडचण आली: ‘पुस्तक मुलाने वाचलं’, ‘वाचलं मुलाने पुस्तक’, असे क्रम बदलले की पार्सर नाही म्हणायचा. तीन पदांचे सहा क्रम होतात आणि मराठीत जोर कुठे द्यायचा त्यानुसार सहाही कानावर येतात. प्रत्येक क्रमाला वेगळा नियम लिहिणं मला पटेना. जागेवरून कर्ता-कर्म ठरवणं ही इंग्रजीसारख्या भाषेची रीत आहे. आपल्याकडे ते काम प्रत्यय करतात.

अक्षर भारती या नावाने लिहिणारा गट, विनीत चैतन्य आणि राजीव संगल यांनी पाणिनीच्या कारकविचारावर, म्हणजे नामांचं क्रियेशी काय नातं आहे या विचारावर, आधारलेली पार्सिंगची पद्धत बांधली होती आणि १९९५ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. तिच्यात सुरुवात क्रियापदापासून होते. ‘वाचणे’ला कोण हवं, काय हवं, ही त्याची आकांक्षा. ती कोणत्या प्रत्ययाने भागते ते प्रयोगावर ठरतं. वाक्यातली पदं कोणत्याही क्रमाने येवोत, ज्याचा प्रत्यय जुळेल त्याला ती जागा. शिवाय योग्यता: वाचणारा सजीव हवा. मी क्रमाचे नियम मोडले आणि क्रियापदांच्या मागण्यांचा तक्ता केला. ‘वाचणे’: कर्ता सजीव, कर्म वाचण्याजोगं. पुस्तकाने मुलगा वाचणं त्या दिवशी बंद झालं आणि सहाही क्रम एका नियमात बसले. जवळपास चार हजार सूत्रांत संस्कृत बांधणाऱ्या माणसाने क्रियापद मधोमध का ठेवलं असेल, हे मला वाचून कळलं नसतं. ते माझे क्रमाचे नियम मोडताना कळलं.

झाड मिळालं की त्यातून अर्थ काढायचा आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची, हा पुढचा टप्पा. मी एक लहानसं जग लिहिलं: काही मुलं, काही पुस्तकं, कुणी काय वाचलं. ‘पुस्तक कुणी वाचलं?’ विचारलं की नाव यायचं. मग मी विचारलं, ‘मुलीने पत्र वाचलं का?’ उत्तर आलं, ‘नाही.’

माझ्या जगात त्या पत्राबद्दल एक अक्षर नव्हतं. वाचलं असंही नाही, वाचलं नाही असंही नाही. प्रोलॉग एखादी गोष्ट सिद्ध करायला जातं, सिद्ध होत नाही, की ती खोटी धरतं. कीथ क्लार्क यांनी १९७८ मध्ये याला तर्कशास्त्राचा आधार दिला, पण त्यात एक गृहीत आहे: जेवढं लिहिलंय तेवढंच खरं, बाकी काही नाही. वॉरन आणि परेरा यांनी १९८२ च्या निबंधात मांडलेली चॅट-८० ही प्रणाली जगाच्या भूगोलावर इंग्रजीतल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. देश आणि त्यांच्या सीमांची यादी पुरी असते, तिथे यादीत नाही म्हणजे नाहीच. माणसांनी काय वाचलं याची यादी कधी पुरी असते? ते ‘नाही’ मला टोचलं. माहीत नसलेल्या गोष्टीला यंत्राने ठामपणे ‘नाही’ म्हणणं हे मला चुकीच्या व्याकरणापेक्षा वाईट वाटतं. व्याकरण चुकलं तर ऐकणाऱ्याला कळतं, हे कळत नाही. मी नकारही वेगळे लिहायला घेतले: ‘वाचलं’ सिद्ध झालं तर हो, ‘वाचलं नाही’ सिद्ध झालं तर नाही, दोन्ही झालं नाही तर ‘माहीत नाही’. प्रोग्राम थोडा संथ झाला. मला चालतं.

‘प्रत्येक मुलाने एक पुस्तक वाचलं’ यावर मी अजून समाधानी नाही. ज्याने त्याने आपापलं, की सगळ्यांनी तेच? पार्सर दोन्ही अर्थ देतो. पण ‘एक पुस्तक प्रत्येक मुलाने वाचलं’ म्हटलं की माझा कान ‘तेच पुस्तक’कडे झुकतो. क्रमाला मी दाराबाहेर काढलं होतं, तो इथे खिडकीतून परत आला आहे.

अलीकडे एक चूक मात्र उलटी निघाली. वाक्यं पाडताना ‘आईने मुलीला निजवली’ असं आलं. कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात जातं, ‘आईने मुलीला निजवलं’, हे भावे प्रयोगाचं साधं सूत्र. माझ्या एका नियमात ‘ला’ची अट राहून गेली होती. अट घातली, वाक्य गेलं. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘ते कशाला काढलंस? माझी आई तसंच बोलायची. कर्म-भाव संकर आहे तो.’ दामल्यांत पाहिलं, तिथेही त्याची दखल आहे. अट काढून नियम परत ठेवला, शेजारी टीप लिहिली की हे रूप कमी वापरात आहे.

सध्या मी ‘आपलं’पाशी अडले आहे. ‘मुलाने शिक्षकाला आपलं पुस्तक दिलं.’ पुस्तक मुलाचं असेल, कारण ‘आपला’ वाक्यातल्या कर्त्याकडे वळतो. बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या दोघांचंही असेल, ‘आपलं घर’मधल्यासारखं. समोरच्याला आदराने ‘आपण’ म्हणत असू तर त्याचंही असेल. पार्सर तीन झाडं देतो, आणि ‘मुलाने’ आहे म्हणून सहा. शिक्षकाचं मात्र ते कधीच होत नाही. ‘मुलाने शिक्षकाला त्याचं पुस्तक दिलं’ म्हटलं की लगेच होतं. हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही, पण मी कधी चुकलेही नाही. ‘आपला’ कर्त्याकडेच वळतो हा नियम मी परवा लिहिला. काल ‘मुलाला आपलं पुस्तक आवडलं’ हे वाक्य दिलं. ‘पुस्तक मुलाचं’ हा अर्थ पार्सरने दिलाच नाही, कारण त्याच्या हिशोबी इथे कर्ता पुस्तक आहे.